वर की खाली?

इस्पितळाच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला लिफ्टवाले मामा एकच विचारत, "वर की खाली?" मढ्याला मात्र विचारायची गरज नसे. शवागार तळघरात, म्हणजे खालीच.

बायकोचा गळा घोटणारा एक माणूस वॉर्डात मेला, तेव्हा त्याला खाली नेताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थबकली. जाळीच्या दारासमोर नुसती विटांची भिंत होती आणि तिच्या पलीकडून कुणीतरी टकटक करत होतं. मामा घाबरले, पण मनातून सुखावलेही. पाप्याला न्यायला आलेत, म्हणजे वर न्याय आहे.

मग थोरल्या सिस्टर गेल्या. जन्मभर परक्यांचं हगणं-मुतणं काढलं, पण तोंडातून कधी वाकडा शब्द नाही. "यांच्यासाठी थांबलीस तर याद राख," मामांनी लिफ्टलाच दम भरला.

भर दुपारी लिफ्ट नेमकी तिथेच थांबली. टकटक झाली, अगदी तशीच.

मामांनी देवाचं नाव घ्यायला म्हणून तोंड उघडलं आणि सवयीने निघालं, "वर की खाली?"

चादरीखाली काही हललं नाही. उत्तर भिंतीपलीकडून आलं, सिस्टरांच्याच आवाजात, तापलेल्या कपाळावर हात ठेवून बोलायच्या तितकंच मऊ.

"इथे वर नाही नि खालीही नाही, मामा. सगळे एकत्रच आहोत."

मग तो आवाज थरथरला.

"दार उघडा हो. तो माझा गळा सोडत नाहीये."