सहाव्या घराला दार नाही

“आज मूल मी होणार,” सर म्हणाले आणि खोलीतल्या सगळ्यात लहान खुर्चीत जाऊन बसले. गुडघे पार हनुवटीशी आले. समोरचे सहाही तरुण संशोधक हसले. सरांच्या विनोदाला हसायचं असतं, एवढं संशोधन सगळ्यांचं करून झालं होतं.

शाळेतल्या मुलांना बोलतं कसं करायचं, हे सर या खोलीत शिकवत. एकानं मूल व्हायचं, दुसऱ्यानं समुपदेशक. मध्ये रेकॉर्डर चालू. आज मागच्या रांगेत संस्थेच्या संचालकबाईही बसल्या होत्या, मांडीवर सरांचा नवा शोधनिबंध घेऊन. सरांना वाटलं, कौतुकानं आणला असेल.

समुपदेशक व्हायची पाळी सहांतल्या एकीची होती. प्रसंगही तिनंच लिहून आणला होता. तिनं तो वाचून दाखवला. “इयत्ता पाचवी. दुसऱ्या मुलीचं चित्र आपलं म्हणून दिलं आणि बक्षीस घेतलं.”

“सोपं आहे,” सर म्हणाले.

सोपंच होतं. दोन वर्षं, अकरा शाळा, दोनशे बारा मुलं. एकेका मुलाशी ती एकटी बोलली होती. त्यावरचा निबंध छापून आला तेव्हा वर नाव एकट्या सरांचं. तिचं आभारांत, झेरॉक्सवाल्याच्या खाली. पुढच्या आठवड्यात तिची नेमणूक ठरायची होती आणि स्वतःच्या नावाचा निबंध नसेल तर अर्जच बाद. हे सांगायला ती गेली, तर आयत्या बिळावरचा नागोबा वर तोंड करून म्हणाला होता, “बाळा, तुझं वय काय? तुझ्याकडे खूप वेळ आहे.”

तिनं सरांपुढे एक कागद ठेवला. स्केचपेननं काढलेली अकरा घरं.

“हे तू काढलंस, बाळा?”

सरांनी लाडिक मान हलवली. “हो. मीच.”

“छान आहे. ही सगळी घरं तू स्वतः जाऊन बघितलीस?”

“हो बाई. एकूण एक.”

“मग सांग ना. सहाव्या घराला दार का नाही?”

सर हसले. मग चित्राकडे पाहिलं. मग बोटानं घरं मोजली.

ती पुढे काहीच बोलली नाही. हे सरांनीच शिकवलं होतं. प्रश्न विचारला की गप्प बसायचं. शांतता मुलाला सोसत नाही, ते आपणहून बोलतं.

सहाव्या शाळेनं तिला खोली दिली नव्हती. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीला टेकून एकोणीस मुलं तिच्याशी बोलली होती. एक मुलगी रडायला लागली तेव्हा तिनं छत्री उघडून आडोसा केला होता. निबंधात छापलं होतं, ‘सर्व मुलाखती बंद खोलीत मी स्वतः घेतल्या.’ सर त्या शाळेच्या फाटकापर्यंतही गेले नव्हते.

मागे पान उलटल्याचा आवाज झाला.

“रंग संपला असेल,” सर म्हणाले. आवाज अजून मुलाचाच होता.

तिनं मान डोलावली आणि पुन्हा गप्प बसली. पंखा फिरत होता, तरी सरांच्या कानामागून घाम ओघळला. ऐन वेळी आपल्याला दया येईल, अशी तिला कालपासून धास्ती होती. आली नाही. उलट जिवाला गार वाटत होतं.

“वेळ संपली वाटतं,” सर आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले.

“अकरा मिनिटं आहेत,” संचालकबाई म्हणाल्या. “चालू द्या.”

कुणाच्या तरी हातून पेन पडलं. कुणी उचललं नाही.

“मी नव्हतं काढलं,” सर शेवटी म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, “मी तिथं गेलोच नव्हतो.”

“सांगितलंस, बरं केलंस.” ती अगदी मायेनं बोलली. मुलावर आवाज चढवायचा नाही, हेही सरांचंच शिकवणं. मग तिनं त्यांच्यापुढे एक छापील कागद सरकवला. हा कागद सरांनी तयार केलेला, अकराही शाळांत वापरलेला. काय झालं? कुणाचं नुकसान झालं? आता मी काय करणार? चूक कबूल केली की मुलानं तो स्वतःच्या अक्षरात भरायचा.

सरांनी मागे पाहिलं. संचालकबाईंनी चष्मा पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. सरांनी लिहिलं. तीन ओळी. मग ते घाईघाईनं उठायला गेले, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर वर आली. या वेळी कुणी हसलं नाही.

“खाली नाव राहिलं,” ती म्हणाली. “सावकाश लिही. तुझ्याकडे खूप वेळ आहे, बाळा.”