लांब बाही, आखूड बाही

“चाळीस वर्षं आखूड बाहीच शिवली तुझ्या आईनं,” शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या.

“लांब शिवली,” दवाखान्यातली नर्स म्हणाली. “माझ्या थोरलीचा शर्ट याच मशीनवर झालाय.”

लेक दोघींच्या मध्ये, कापणीच्या टेबलापाशी उभी होती. आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. तिची मापाची टेप अजून मशीनला तशीच लटकत होती. सरकारी शाळेचे दोनशे शर्ट बेतायचे राहिले होते आणि सोमवारी शाळा उघडणार होती. लेकीचं शिक्षण मावशीकडे, दुसऱ्या गावी झालं. पुढचं आयुष्य पुस्तकांत गेलं. आई बाही कशी शिवते हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. आता सगळे तिलाच विचारत होते.

“नियम सगळ्यांना एक,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मीही तुझ्या आईनं शिवलेला शर्ट घालूनच या शाळेत शिकले. कोण कुठल्या घरची, ओळखू यायचं नाही. म्हणून तर एका बाकावर बसलो. सोमवारपासून लांब बाहीची मुलगी वर्गात येणार नाही.”

“मग माझी धाकटी घरीच बसेल. आमच्यात उघडे हात चालत नाहीत, आणि सासऱ्यांपुढे माझं काही चालत नाही. थोरली पाच वर्षं लांब बाहीत गेली, लांब बाहीत आली. तेव्हा नाही कुणाच्या पोटात दुखलं!”

“ती पाच वर्षं मी रोज फाटकावर उभी होते. एकही लांब बाही आत आली नाही.”

लेकीला दोघींचंही पटत होतं, हीच पंचाईत होती. खोटं बोलणाऱ्यांतली एकही वाटत नव्हती. मग फसवलं कुणी? आईनं?

नर्सनं पिशवीतून थोरलीचा जुना शर्ट काढून टेबलावर आपटला. बाही मनगटापर्यंत लांब. लेकीनं ती उलटी केली. आत, खांद्याजवळ, दोन टिचबटणं होती. त्यांच्या जोडीची दोन मनगटाच्या काठाला. टीप आईचीच. बारीक, घट्ट, बाहेरून न दिसणारी.

“हे कशाला?” नर्सनं विचारलं. मग तिचा चेहरा उतरला. “म्हणजे कार्टी मला बनवत होती?”

लेकीनं मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या दाराबाहेर, शाळेच्या दिशेनं बघत होत्या. हात मात्र टेबलावर आला, बाहीत शिरला. कापड आत गेलं. टच्च. टच्च. बाही आखूड झाली. त्यांनी एकदाही खाली पाहिलं नव्हतं.

नर्स दुसऱ्या बाहीशी झटत होती. तिला जमेना.

“ती नंतर,” मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. “मी आधी दप्तराच्या हाताची दुमडायचे. म्हणजे फाटकापर्यंत दोन्ही व्हायच्या.”