पडद्याची उलटी बाजू

कुठलंही कापड दिसलं की लडकू आधी त्याची उलटी बाजू बघायचा. भिवंडीत लूमवर जन्म चाललेला, खोड जडायचीच. पुढून सगळीच कापडं गोड दिसतात, म्हणायचा.

चौऱ्याहत्तर साली, लूम बंद असतात त्या शुक्रवारी, तो बायकोला, काशीला, घेऊन एका जुन्या संस्थानाच्या शहरात गेला. किल्ला बघून झाला, मग राजवाडा. दरबारात गादीमागे जरीचा जड पडदा टांगलेला होता.

"तीनशे वर्षांत याला कुणाचा हात लागलेला नाही," गाईड म्हणाला आणि मंडळींना घेऊन पुढच्या दालनात गेला.

लडकू मागे रेंगाळला. त्यानं पडद्याचं टोक हळूच उलटलं.

तुटलेला धागा कुणीतरी जोडला होता. दोन वेढ्यांची, डावखुरी गाठ.

अशी गाठ अख्ख्या कारखान्यात एकटा लडकू मारायचा, धागा जिभेवर भिजवून. मुकादम त्यावरून रोज त्याला बोलायचा.

काशी त्याला शोधत परत आली. तिनं वाकून बघितलं आणि हसायलाच लागली. "आवो, ही तं तुमची गाठ हाय! आपल्या गोधडीला हाय तशीच. इथं पन हात चालवलात?"

"मी न्हाय गं. आत्ता तं उलटलाय पडदा."

"मंग कोनी मारली?"

लडकूला राहवेना. त्यानं गाठीवरून अंगठा फिरवला.

गाठ अजून ओली होती.