विरुद्ध बाजू

“आधी लेखकाला काय हवंय ते शोध,” आजी फोनवर म्हणाली. “सुंदर लिहिलंय, मनाला भिडलं, असलं काही विश्लेषणात चालत नाही. तो कुणाला पटवतोय आणि कशाच्या जोरावर, ते लिही.”

नातीला म्हणे शाळेने एका लेखाचं विश्लेषण करायचा गृहपाठ दिला होता. तिने लेख पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. म्हाताऱ्या माणसांना एकटं ठेवू नये, मुलांनी त्यांना आपल्या घरी आणावं, असा लेख होता.

आजी जन्मभर शाळेत भाषा शिकवत आली होती. ती निवृत्त झाली, मग आजोबा गेले, आणि घरात बोलणारा म्हणून एक रेडिओ उरला. दूरच्या शहरात मुलाने, म्हणजे नातीच्या बाबांनी, मोठं घर घेतलं होतं. मागची खोली भाड्याने द्यायची की काय ते या आठवड्यात ठरवतो, असं तो बोलता बोलता म्हणाला होता. तू येतेस का, असं काही त्याने विचारलं नव्हतं. आपणहून म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. तरी तिने लोकरीचे कपडे एका बॅगेत भरून ठेवले होते, आणि फोन वाजला की धावत जाऊन उचलत होती.

“‘संध्याकाळी ती खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या घरातले दिवे बघते,’” नात वाचत होती.

आजी खिडकीजवळून उठली. “हा पुरावा नव्हे ढमे, हे रडगाणं. खिडकीशी बसली म्हणजे ती दुःखी, हे लेखकाला कुणी सांगितलं? तिला विचारलं का त्याने?”

“विचारलं तरी ती खरं सांगायची नाही.”

“असं लेखात आहे?”

“नाही. मी म्हणतेय.”

“मग ते सोड. आणि विरुद्ध बाजू कुठाय? ती नसली की लेख लंगडा.”

“तूच सांग ना. पण बाई, जरा सावकाश. माझा हात दुखतो.”

आजी हसली. कितीतरी दिवसांत तिला कुणी बाई म्हटलं नव्हतं. ती वर्गात उभी असल्यासारखी सांगू लागली. आपल्या घरात माणूस आपल्या मर्जीने उठतं. चहा बिघडला तर आपणच पितो, कुणाचं तोंड बघावं लागत नाही. मुलांकडे कितीही माया असली तरी आपली खुर्ची कुठे ठेवायची ते दुसरंच कुणीतरी ठरवतं. वाक्यामागून वाक्य येत गेलं. आजी चांगलीच रंगली.

पलीकडे लिहिण्याचा आवाज थांबला.

“काय, पटलं का?”

“पटलं.” नातीचा आवाज बारीक झाला होता. “आजी, शाळेने काही दिलेलं नव्हतं. लेख मीच लिहिला होता, आज जेवताना बाबांना द्यायला. आता नाही देत. बरं झालं, आधी तुला विचारलं.”