डोळ्यांदेखत पंचनामा

सरजाबाईच्या मोरीचं पाणी शेजारच्या नागुबाईच्या दारात येऊन तुंबायचं. त्यावरून दोघींची सहा वर्षं बोलचाल बंद होती. नागुबाईनं अर्जावर अर्ज केले, पण तिची फाईल जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत निवांत झोपली होती. मग लातूर जिल्हा झाला, फाईल जागी झाली आणि कोतवाल सांगून गेला, "सोमवारी साहेब पंचनाम्याला येणार हायेत. वाहतं पाणी डोळ्यानं दिसलं तरच हुकूम काढतेत."

आता आली का पंचाईत! दुष्काळानं गावची विहीर आटलेली, टँकर चार दिवसांआड, आणि सरजाबाईची मोरी उन्हात ठणठणीत वाळलेली. सहा वर्षांच्या भांडणावर पाणी फिरायची वेळ आली, ती बी पाणी नसल्यामुळं!

सोमवारी सकाळी नागुबाईनं टँकरवर भरलेली आपल्या वाटणीची घागर उचलली आणि तरातरा सरजाबाईच्या घरात नेली.

"घे! न्हा, धुणं धू, काय बी कर, पण पाणी माझ्या दारात आलंच पायजे!"

"आगं बया, प्यायच्या पाण्यानं कुणी न्हातं व्हय?" म्हणत सरजाबाईनं घागर रांजणात रिकामी केली.

नागुबाई हट्टाला पेटली. दुसरी घागर कमरेवर घेऊन ती सरजाबाईचा उंबरा ओलांडत होती, तेवढ्यात दारात जीप थांबली.

साहेबांनी जागच्या जागी पंचनामा लिहिला :

"अर्जदार बाई सामनेवालीच्या घरी स्वतः पिण्याचे पाणी भरताना आढळल्या. वाद मिटल्याची खात्री झाल्याने प्रकरण बंद."