पाच नटांची स्टेपनी

सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या जाळीतून आत आलं आणि उंबऱ्यापाशी जरा घुटमळलं. मग फरशीच्या सांध्यासांध्यानं, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं, पुढं सरकू लागलं. पाण्याच्या पिंपावर त्याची एक पातळ रेघ उमटली. धुळीचे कण त्यात चढत राहिले, उतरत राहिले. शिवराज कपाला हात लावून ते पाहत बसला होता. असं साधं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं ऊन त्याला मनापासून आवडे. पुन्हा लक्ष गेलं तेव्हा ते फ्रिजच्या दारावर चढलं होतं आणि चहावर साय धरली होती.

"तिसऱ्यांदा विचारतेय," समोर उभी असलेली सुलेखा म्हणाली, "उद्या बसनं गेलं तर काय बिघडंल?"

शिवराजच्या कपाळाची शीर ताठली. "माझ्या लेकीला मी माझ्या गाडीतूनच नेणार. गाडी फुटपाथला घासलीस तू. आता वर सल्ले देऊ नकोस."

"घासली," ती शांतपणे म्हणाली. "हात माझाच होता. पण अहो, आज आपल्याला डॉक्टरकडं जायचं ठरलं होतं."

"आधी टायर."

दुसऱ्या दिवशी पुण्यात सोनियाची प्रवेश परीक्षा होती. आणि खाली, पार्किंगमध्ये, ती लाल गाडी पुढचं डावं चाक काढून जॅकवर उभी होती. शेंद्र्याच्या कारखान्यात अकरा वर्षं शिफ्टा करून घेतलेली, वेगासाठीच घडवलेली गाडी. तिच्यात कंपनीनं स्टेपनी दिलीच नव्हती; दिली होती पंक्चर बुजवायच्या द्रवाची एक बाटली. चार बोटं फाटलेल्या टायरला ती बाटली म्हणजे फाटलेल्या आभाळाला ठिगळ. नवा टायर यायला आठ दिवस लागणार होते. तोवर भागेल अशी कुठलीही जुळणारी स्टेपनी त्याला आजच हवी होती.

त्यानं फाटकं चाक रिक्षात घातलं.

"चाकाची सवारी वेगळी धरू का, साहेब?" रिक्षावाल्यानं विचारलं. शिवराज हसला नाही.

चिकलठाण्याच्या पहिल्या दुकानात सोमनाथ नावाच्या मालकानं चाक उलटसुलट करून पाहिलं.

"एवढी महागाची गाडी आन् स्टेपनी नाय? आमच्या भाजीच्या टेम्पोला बी अस्ती की!"

"आहे का नाही, तेवढं सांगा."

"पाच नटांची हाय एक. पण सोळा इंची. तुमच्या गाडीचा ब्रेक ह्यो एवढा, परातीएवढा. रिम त्याला अडंल. चाक फिरायचंच नाय." मग त्यानं जखमेवर अंगठा फिरवला. "कुणी केलं हे?"

"बायकोनं."

"तरीच!" सोमनाथ आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं खदखदून हसली. "बाईमाणसाच्या हातात स्टेअरिंग म्हंजे..."

शिवराजनं ते हसू अडवलं नाही. उलट त्या हसण्यानं त्याच्या रागाला एक प्रकारचा आधार मिळाला.

पुढच्या दुकानात नटांच्या भोकांमधलं अंतर जुळलं, मधलं भोक जुळलं नाही. त्यापुढच्यात दोन्ही जुळलं, पण चाकाची उंची दोन बोटं कमी. "पुढं लावाल तर गाडी एका अंगाला वढंल," दुकानदार म्हणाला. प्रत्येक ठिकाणी शिवराज तेच सांगत राहिला, बायकोनं घासली, आणि दर वेळी त्याचा आवाज चढत गेला. खड्ड्यांना, कंपनीला, शहराला त्यानं मनातल्या मनात शिव्या घातल्या. मनातल्या मनात शिव्या घालायची त्याची सवय जुनीच होती.

दुपारी सुलेखाचा फोन आला. "मिळाली का?"

"नाही मिळाली की तुला बरंच."

"तिकिटं काढून ठेवते. सकाळी सहाची बस हाय."

"काढायची नाहीत! शरम वाटू दे जरा. एवढं करून सवरून..."

"माझं चुकलं, बस? हवं तर सोनियासमोर म्हणते. पण उद्या बसनं जाऊ."

त्यानं फोन कापला. ती कधी भांडत का नाही, याचाही त्याला संताप आला.

छावणीतल्या जुन्या दुकानात मुबारकभाई एकटेच होते. पांढरी दाढी, नखांत कायमचं काळं. त्यांनी माप घेतलं, आत गेले आणि एक चाक गडगडवत बाहेर आले.

"हे घ्या साब. पाच नट, अठरा इंची, उंची बरोबर. ब्रेकला अडायचं नाय. पण ऐंशीच्या वर पळवू नका."

शिवराजला एकदम हलकं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच तो हसला. "उद्या पुण्याला जायचंय. लेकीची परीक्षा."

"अल्ला खैर करे." मुबारकभाईंनी फाटकं चाक मांडीशी घेतलं आणि चष्मा वर सरकवून हळूहळू फिरवलं. "कुणी घासलं?"

"बायकोनं."

म्हातारा हसला नाही. "रिम सगळी गोल घासलीय, बघा. एका जागी नाय. म्हंजे चाक फिरतच राहिलं, दगडाला लागून, लई लांबवर. ब्रेकला पायच लागला नाय." त्यानं चाक हलकेच खाली ठेवलं. "बाईसाहेबांना विचारा साब, ब्रेक का नाय मारला?"

शिवराजनं उत्तरासाठी तोंड उघडलं. सुलेखाच्या पायाशी ब्रेक नव्हता. ती डाव्या सीटवर होती. समोर शाळेच्या मुली रस्ता ओलांडत होत्या, मागं सोनिया "बाबा, बाबा" म्हणून किंचाळत होती, आणि सुलेखानं हात लांबवून स्टेअरिंग आपल्याकडं ओढलं होतं. गाडी शिवराज चालवत होता. त्याचे डोळे उघडे होते आणि तो शुद्धीवर नव्हता.