झडप गळते म्हणे!

शेजारची कडी आज वाजली नाही, म्हणून महिपतला जाग यायला उशीर झाला. एरवी झुंजूमुंजू व्हायच्या आत भिंतीपलीकडे खोकल्याची उबळ यायची, मग कडी वाजायची आणि धाकटा भाऊ भागोजी खाडीच्या अंगाला निघून जायचा. जात असेल परसाकडे, महिपतला काय त्याचं! दोन पावसाळे उलटले, भावाभावांत शब्द नव्हता. पण बायको वारल्यापासून महिपतच्या घरात माणसाचा म्हणून एवढाच आवाज यायचा. तो ऐकला की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

त्याने चहाचं आधण ठेवलं तोच दारात राही उभी. भागोजीची बायको. एवढ्या दिवसांत तिने हा उंबरा ओलांडला नव्हता.

"दादा, ह्यांना रात्रीपासून ताप भरलाय. आता शुद्धही धड नाय. पलीकडं न्यायला हवं."

खाडीपलीकडच्या धक्क्यावरून रत्नागिरीची पहिली एस.टी. सुटायची. आणि खाडी ओलांडायची तर होडी एकच, महिपतची, इंजिनाची. महिपतने आधण तसंच टाकलं. भांडण गेलं खड्ड्यात! त्याने भावाला पाठुंगळी घेतलं नि धक्क्याची वाट धरली. भागोजीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. केवढा हलका झालाय हा, असं महिपतच्या मनात आलं.

होडीत घोंगडी अंथरून भागोजीला निजवलं. राही त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. महिपतने हँडल मारलं, इंजिन लागलं. सवयीने त्याने कडेच्या नळीकडे पाहिलं. इंजिन थंड ठेवणारं खाडीचं पाणी त्या नळीतून बाहेर पडतं. ते पडलं नाही. महिपतने थोडं थांबून पाहिलं. थेंब नाही. त्याने घाईने इंजिन बंद केलं.

अहो, भांडणाचं मूळ तरी काय, तर हीच नळी. इंजिनाला पाणी पुरवणारा पंप वर, त्याचा पाइप खाली खाडीत, आणि पाइपाच्या टोकाला झडप. झडप चांगली असली तर पंपातलं पाणी रात्रभर राहतं आणि सकाळी तो लगेच ओढतो. झडप गळकी असली तर पंप सुकतो. मग त्याला हाताने पाणी पाजावं लागतं, नाहीतर इंजिनाची वाट लागते. तशी ती लागली होती एकदा. होडी माणसांनी गच्च भरलेली, गडबडीत नळीकडे कोणी पाहिलं नाही, आणि भर खाडीत इंजिन जाम. सगळ्यांसमोर महिपत भावावर ओरडला, "पंप भरायचं तुझं काम! झोपला होतास काय?"

"रात्री भरून ठेवला होता, दादा. झडप गळते."

झडप महिपतने स्वतःच्या हाताने बसवलेली. ती गळते? त्याच्या मस्तकात तिडीक गेली. "खोटारड्या!" म्हणत त्याने पंप भरायची जुनी किटली भावाच्या अंगावर भिरकावली. भागोजीने ती उचलली, काखेत मारली आणि घरी निघून गेला. पुन्हा म्हणून तो होडीवर आला नाही.

इंजिन दुरुस्त झालं. महिपत पडला हट्टी. त्याने ठरवलं, पंपाला हाताने थेंबभर पाणी पाजणार नाही. आणि नवल बघा, रोज सकाळी पहिल्या हँडलला नळीतून बोटभर जाड धार! मग काय विचारता! धक्क्यावर येईल त्याला तो मोठ्याने सांगायचा, "बघा, झडप गळते म्हणे!" वर भागोजीच्या पडवीत ऐकू जावं एवढ्या मोठ्याने. पंपाखालची फळी तेवढी सकाळी ओली असायची. दव पडत असेल, असं महिपत समजायचा. तसा तो इंजिनाला म्हणायचाही, "दव पडलं रे आज बरंच." दुसरं होतं कोण बोलायला?

आता त्याने पंपाचं बूच काढून आत बोट घातलं. बोट कोरडं बाहेर आलं. होडीतलं पाणी उपसायचा डबा त्याने घाईने भरून आणला, पण रुंद तोंडाच्या डब्यातून पाणी भोकात जाईना, सगळं फळीवर सांडलं. घोंगडीवर भागोजी कण्हला.

राहीने पिशवीतून किटली काढली. तीच, पोचा पडलेली.

"निघताना हे एकच सारखं म्हणत होते," ती म्हणाली, "किटली घे."

महिपतने ती घेतली. तिच्या चोचीला मीठ धरलं होतं. विचारायला वेळ नव्हता. खाडीत किटली बुडवून त्याने पंप काठोकाठ भरला. आणि त्याच्या डोळ्यांदेखत भोकातलं पाणी हळूहळू खाली जायला लागलं. त्याने पुन्हा भरला, चटकन बूच लावलं, हँडल मारलं. नळी खाकरली नि धार सुटली.

होडी खाडीच्या मध्यावर आली. पलीकडे एस.टी. उभी दिसत होती. सुकाणू धरून महिपत पुढेच बघत होता, भावाकडे बघायचा त्याला धीर नव्हता. तो इंजिनालाच म्हणाला, "गळत होती तर होती. मग इतके दिवस चाललं कसं रे?"

घोंगडीवरून उत्तर आलं, अगदी बारीक आवाजात.

"आज मला उठता आलं नाय, दादा."